अण्णांचे कान आणि चौदा सिलिंडर

२०२५ च्या जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतलं दारूकाम दाखवायला अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, होम मैदानावर घेऊन गेले होते. आभाळात माळ फुटली की ते खुशीत मान हलवायचे. मी कानाशी वाकून विचारलं, "सरबत घेणार का?" तर म्हणाले, "हो, फार वरपर्यंत जातात."

परतताना रिक्षात ते गप्प होते. सात रस्त्याला सिग्नल लागला तेव्हा म्हणाले, "आवाज सगळा येतो गं. शब्द येत नाहीत."

अण्णा ८१ वर्षांचे आहेत. १९६३ साली वायुदलात इंजिन फिटर म्हणून भरती झाले. बरीचशी नोकरी जोरहाटला, डाकोटा विमानांवर. १९८३ ला निवृत्त होऊन सोलापूरला परतले आणि एका गिरणीत मेंटेनन्सला लागले. म्हणजे आधी वीस वर्षं विमानाची इंजिनं, मग पंधरा वर्षं साचे, म्हणजे कापडाचे माग. कानांचं काय झालं असेल ते सांगायला डॉक्टर लागत नाही, पण कानाचं यंत्र घ्यायला लागतो. मी एका सूत व्यापाऱ्याकडे हिशेब बघते, फाइल लावायची सवय आहे, तरी या सगळ्याला सात महिने गेले. कुणाच्या घरी असे अण्णा असतील तर त्यांचे दोन-तीन महिने वाचावेत म्हणून तारखांसकट लिहितेय.

३ फेब्रुवारी, सोमवार. कान-नाक-घशाचे डॉक्टर. फी ६००. त्यांनी आत बघून सांगितलं, आधी मळ. थेंब घाला, आठवड्याने या, तपासणी मळ काढल्यावरच. मी त्याच दिवशी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणीही उरकायच्या बेतात होते आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, ती फुकट गेली.

१० फेब्रुवारीला मळ निघाला आणि त्याच दुपारी ऑडिओमेट्री झाली. ८०० रुपये. काचेची छोटी खोली, कानावर हेडफोन, हातात बटण. टूं ऐकू आलं की दाबायचं. अण्णांनी ते इतक्या गांभीर्याने केलं, जणू ट्रेड टेस्ट आहे. त्यानंतर शब्दांची चाचणी. तपासणारी मुलगी पंचविशीतली असेल. ती म्हणाली "सकाळी", अण्णा म्हणाले "काळी". ती "सात", हे "आठ". तिसऱ्या-चौथ्या चुकीनंतर अण्णा वैतागले. "आकडेच हवेत ना? मग मीच म्हणतो," असं म्हणून त्यांनी सुरू केलं:

"एक, दहा, पाच, चौदा, नऊ, चार, तेरा, आठ, तीन, बारा, सात, दोन, अकरा, सहा."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. बहुतेक तिला वाटलं, आता दुसऱ्या विभागात पाठवावं लागणार.

ती फायरिंग ऑर्डर होती, म्हणजे इंजिनाचे सिलिंडर ज्या क्रमाने पेटतात तो क्रम. आमच्या घरात ती पाढ्यासारखी पाठ आहे. डाकोटाला दोन इंजिनं, प्रॅट अँड व्हिटनीची ट्विन वास्प, आर-१८३०. एकेक जवळपास तीस लिटरचं, १,२०० अश्वशक्तीचं, चौदा सिलिंडरचं. सिलिंडर मोटारीसारखे एका रांगेत नसतात. क्रँकभोवती, म्हणजे मधल्या फिरत्या दांड्याभोवती गोल, सूर्यफुलासारखे, सात पुढे आणि सात मागे. याला रेडियल म्हणतात. मागच्या गोलाला विषम नंबर, पुढच्याला सम. ऑर्डर आठवायची युक्ती अण्णांनी मला चौथीत शिकवली होती: नऊ मिळवता आले तर मिळवायचे, चौदाच्या वर जात असेल तर पाच वजा करायचे. करून बघा, बरोबर सहावर येऊन संपतं आणि सहातून पाच गेले की पुन्हा एक.

एका गोलात सिलिंडर विषमच का, हेही त्यांनीच सांगितलं होतं. गोलात सात पोरं बसवा आणि एकाआड एक प्रसाद वाटत चला. पहिल्या फेरीत एक, तीन, पाच, सात. तसंच पुढे गेलं की दुसऱ्या फेरीत दोन, चार, सहा. दोन फेऱ्यांत सगळ्यांना एकेकदा मिळतो. पोरं आठ असतील तर दुसऱ्या फेरीत प्रसाद पुन्हा त्याच चौघांना, बाकीचे बोंबलत बसणार. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदाच पेटतो, म्हणून हा हिशेब.

मी मुलीला एवढं सगळं सांगितलं नाही. "इंजिनाचं आहे ते," इतकंच म्हटलं. तिला मात्र रस वाटला. तिने आलेख समोर ठेवला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. डावीकडे खर्ज, उजवीकडे तार. डेसिबलचा आकडा जितका मोठा, तितकं ऐकू कमी. डाव्या टोकाला, २५० हर्ट्झला, दोन्ही कान २५ डेसिबलवर, म्हणजे वयाच्या मानाने उत्तम. ५०० ला ३०, १,००० ला ४०, २,००० ला ६०, आणि ४,००० ला कडा कोसळल्यासारखी रेघ थेट ८५ वर. आवाजाच्या कामात जे कान जातात, ते आधी ४,००० च्या आसपासच जातात, असं ती म्हणाली. स, श, त, फ ही अक्षरं त्या वरच्या पट्टीत असतात. म्हणून सकाळीची काळी होते.

"कानाला काही लावत नव्हता का?"

"कापूस," अण्णा म्हणाले. हे त्यांना पहिल्या झटक्यात ऐकू आलं.

मग तिने विचारलं, त्या इंजिनाचा आवाज किती हर्ट्झचा असेल? घरी येऊन मी हिशेब केला. चौदा सिलिंडर दोन फेऱ्यांत, म्हणजे एका फेरीत सात ठिणग्या. आयडलला मिनिटाला ६०० फेरे धरले तर सेकंदाला दहा, म्हणून सत्तर ठिणग्या. सत्तर हर्ट्झ. उड्डाणाच्या वेळी २,७०० फेरे, तेव्हा ३१५ हर्ट्झ. पंखा गिअरमुळे इंजिनाच्या नऊ-सोळांश वेगाने फिरतो, तीन पाती, त्याचा घुमारा ७६ हर्ट्झच्या आसपास. सगळं आलेखाच्या डाव्या बाजूला. पुढच्या खेपेला तिला हे दाखवलं तर हसून म्हणाली, "म्हणजे विमान ऐकू येईल, आजी नाही येणार." आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "मला हे चाळीस वर्षं माहीत आहे."

आता कागद. पेन्शनरांच्या आरोग्य योजनेतून यंत्राचा काही खर्च मिळतो. त्यासाठी तज्ज्ञाची चिठ्ठी, ऑडिओग्राम (तपासणीचा तो आलेख), कोटेशन आणि आधी मंजुरी. खरेदी आधी आणि मंजुरी मागून, असं चालत नाही. २० फेब्रुवारीला मी फाइल घेऊन खिडकीशी उभी राहिले आणि पहिल्या पाच मिनिटांत कळलं, की पेन्शनच्या कागदावर अण्णांच्या नावात व्ही आहे आणि आधारवर डब्ल्यू. एका अक्षरापायी तीन खेपा. नोटरीचं प्रतिज्ञापत्र, मुद्रांकासह ९०० रुपये. एका खेपेला साहेब रजेवर होते, एकदा सर्व्हर. तुमच्याकडे अशी तफावत असेल तर यंत्राचा विचार मनात येईल त्या दिवशीच ती दुरुस्त करायला घ्या. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती आणि ऑडिओग्रामची रंगीत झेरॉक्स ठेवा. काळ्या-पांढऱ्यात लाल-निळं कळत नाही म्हणून माझी एक प्रत परत आली.

मधल्या काळात सगळ्यांनी सुचवलं, अपंगत्वाचं कार्ड काढा. तपासणाऱ्या मुलीने बेरीज करून दाखवली: ५००, १,०००, २,००० आणि ४,००० ची सरासरी ५४ निघते. २०१६ च्या कायद्यात 'ऐकू कमी येणं' हे दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून पुढे धरलंय. ती रांग वाचली. कुणाच्या सांगण्यावरून धावण्याआधी ही सरासरी काढून घ्या.

मंजुरी आली २२ एप्रिलला.

२८ एप्रिलला कानाचे साचे घेतले. कणकेसारखा गोळा कानात भरतात, पाच मिनिटं तोंड हलवायचं नाही. साचे पुण्याहून तयार होऊन यायला दहा दिवस. मी दोन कंपन्यांची यंत्रं ऐकवून बघायला मागितली. मागितली तर देतात, नाहीतर पहिलंच गळ्यात मारतात. स्वस्तातलं १८,००० ला एक, महागातलं ४२,००० ला एक. आम्ही मधलं घेतलं, दोन्ही कानांचं मिळून ४९,०००. बिलावर जीएसटी नाही. बॅटरी नारिंगी पट्टीची, तेरा नंबर. सहाच्या पाकिटाला मी ३०० देते, एक जोडी दहा दिवस जाते. स्टिकर काढल्यावर बॅटरी लगेच बसवू नका, मिनिटभर हवेत ठेवा. तिला हवा लागते. पहिला आठवडा हे माहीत नसल्याने माझ्या दोन बॅटऱ्या वाया गेल्या.

१२ मे रोजी यंत्र बसलं. पहिल्या दिवशी अण्णांना वर्तमानपत्राची पानं ऐकू आली, चपला ऐकू आल्या, शेजारच्या गल्लीतल्या मागांची खटखट पुन्हा स्पष्ट ऐकू आली आणि आईचा एक वाक्प्रचार, जो त्यांनी ऐकू नये असा तिचा इतकी वर्षं समज होता.

आता मूळ गोष्ट. माझ्या मुलाने आजोबांना खूश करायला फोनवर डाकोटाची चित्रफीत लावली. अण्णांनी डोळे मिटले. चार-पाच सेकंदांनी उघडले. "बंद पडलं. मिक्स्चर लीन असेल, पेट्रोल कमी पडतंय." मुलगा म्हणाला, "आजोबा, चालू आहे अजून." पुन्हा लावलं, पुन्हा तेच. सुरुवातीला आवाज येतो, मग कुणीतरी दार लोटल्यासारखा दूर जातो.

उत्तर २ जूनला मिळालं. यंत्रात गोंगाट कमी करणारी सोय असते. जो आवाज एकसारखा चालू राहतो त्याला ती गोंगाट समजते आणि काही सेकंदांत दाबून टाकते. मिक्सर, पंखा, बसचं इंजिन. डाकोटाही. ज्या आवाजावर अण्णांनी वीस वर्षं पोट भरलं तो यंत्राच्या लेखी कचरा होता! तपासणाऱ्या मुलीने दुसरा प्रोग्राम बनवून दिला: गोंगाट दाबणं बंद, शिट्टी रोखणं बंद, संगीतासाठी असतो तसा. मागचं बटण दाबलं की बदलतो. कानातल्या साच्याचं भोकही मोठं करून दिलं, म्हणजे खर्ज यंत्रातून न येता सरळ कानात जातो. तुमच्या घरी कुणी भजनाला जात असेल, तबला-पेटी ऐकत असेल तर हा प्रोग्राम मागून घ्या. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, फक्त आपणहून कुणी सांगत नाही.

घरी येऊन पुन्हा फोन लावला. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "हे शिलाई मशीन आहे."

तेही बरोबरच होतं. फोनचा बोटभर स्पीकर सत्तर हर्ट्झ काढणार कुठून! त्यातून येते ती फक्त वरची टिकटिक, म्हणजे अण्णांच्या आलेखातली नेमकी कोसळलेली बाजू. आणि फोनवर रेकॉर्ड केलेल्या चित्रफितींत आणखी एक घोळ असतो. मोठा आवाज आला की फोन आपोआप पातळी खाली घेतो, त्यामुळे खोकला आणि गर्जना एकाच मापाचे होतात. अण्णांना तर तो खोकलाच हवा होता.

त्या खोकल्याबद्दल त्यांना कितीही वेळ विचारा, कंटाळत नाहीत. इंजिन रात्रभर उभं राहिलं की खालच्या सिलिंडरांत तेल उतरतं. तसंच स्टार्टर मारलं तर पिस्टन तेलावर आदळतो आणि रॉड वाकतो. म्हणून आधी पंख्याची पाती हाताने फिरवायची, एकेक मोजत. पातं अडलं तर जोर लावायचा नाही, खालचा प्लग काढून तेल वाहू द्यायचं. जोरहाटच्या थंडीत पहाटे हे काम अण्णांकडे. मग प्रायमिंग, म्हणजे सिलिंडरांत आधी थोडं पेट्रोल सोडणं, मग स्टार्टरची चढत जाणारी घूं, पंखा अडखळत फिरतो, आणि एक सिलिंडर पेटतो. एकच. फट्. मध्ये काही नाही. मग दुसरा कुठला तरी. खालचं तेल जळून निळसर पांढऱ्या धुराचा लोट. मग तीन-चार एकदम, पुन्हा एक गळतो, आणि मग चौदाही एका सुरात. "सगळे हजर," असं अण्णा म्हणतात. तेल गळत असेल तर काळजी नाही, गळायचं थांबलं तर टाकी रिकामी, हा त्यांचा त्यावरचा ठरलेला विनोद. हार्वर्ड या शिकाऊ विमानाचा आवाज मात्र त्यांना आवडत नाही. तेही रेडियलच, नऊ सिलिंडरचं, पण पंखा विनागिअर थेट क्रँकवर, त्यामुळे पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगाजवळ जातात आणि किंचाळतात. "सासूचा आवाज," म्हणतात. आई ऐकते.

जूनमध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं. आमचं घर त्याच बाजूला. अण्णा पहिले काही दिवस गच्चीवर जाऊन बसले. एटीआर, सहा पात्यांचे पंखे, आत टर्बाइन. "चांगलं आहे," म्हणाले, "पण यात कुणी पेटत-विझत नाही." आठवड्याभरात गच्ची सुटली.

वायुदलाकडे आजही एक उडणारा डाकोटा आहे, परशुराम. २०१८ साली इंग्लंडहून आणलेला. त्यावरचा व्हीपी ९०५ हा क्रमांक २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैनिक घेऊन उतरलेल्या पहिल्या डाकोटाचा. तो बघायला उत्तरेत जावं असं माझ्या मनात होतं. भावाने पुण्याहून तिकिटांचे पर्यायही पाठवले. पण ८१ व्या वर्षी, इतक्या गर्दीत, इतका लांबचा प्रवास नको असं डॉक्टरांनीच सांगितलं. मग डोक्यात आलं, की सोलापुरात सत्तर हर्ट्झची कमतरता आहे कुठे? गणपतीच्या मिरवणुकीत खिडकीची तावदानं हलतात, ती कशाने?

आमच्या ओळखीचा एक साउंडवाला आहे, अक्कलकोट रोडला एमआयडीसीकडे त्याचं गोडाऊन. गणपती २७ ऑगस्टला होते, त्यामुळे त्याआधीचे रविवार त्याचे सेट तपासण्यात जातात. फोन केला तर म्हणाला, "इमानाचा आवाज? आणा की वो ताई, लई भारी होईल." भाडं १,५०० ठरलं. रेकॉर्डिंग मुलाने शोधलं, विमानाजवळ चांगला माइक ठेवून घेतलेलं, दोन्ही इंजिनं सुरू होण्यापासून उड्डाणापर्यंत. पेनड्राइव्हवर वेव्ह फाइल घेतली. तपासणाऱ्या मुलीला विचारून घेतलं. तिने बजावलं: यंत्रं काढून ठेवायची, पेट्यांपासून तीस फूट लांब खुर्ची, आवाज मिरवणुकीइतका नाही, आणि फार वेळ नाही. फोनवरच्या मापकात ८५ च्या खाली ठेवायचं ठरलं. साउंडवाल्याला हे ऐकून वाईट वाटलं.

१७ ऑगस्ट, सकाळी अकरा. दोन बेस, दोन टॉप. पोरं वायरी जोडत होती. अण्णांनी यंत्रं काढून रुमालात बांधली आणि माझ्या हातात दिली.

स्टार्टरची घूं आली. अण्णांचा उजव्या हाताचा अंगठा मांडीवर हलायला लागला. पाती मोजत होते. पहिला फट् झाला तेव्हा तो मला पोटात लागला. गोडाऊनचा पत्रा किणकिणला. दुसरा. मग शांतता, मग गडबड, मग चौदा. पोरं वायरी हातात तशाच धरून उभी राहिली. दुसरं इंजिन सुरू झालं, आणि दोन्हींचा आवाज मिळून एक संथ लाट यायला लागली, वांव, वांव, वांव. अण्णांनी मनगट हवेत किंचित फिरवलं, न दिसणारा लिव्हर मागे घेतल्यासारखं. "एक पुढे पळतंय," ते म्हणाले. दोन इंजिनांच्या वेगात थोडा फरक असला की ही लाट येते, आणि वेग जुळत आला की ती लांबत लांबत नाहीशी होते. रेकॉर्डिंगमध्ये खरंच ती लांबत गेली. अण्णांनी मनगट खाली घेतलं.

उड्डाण सुरू झालं तसं त्यांनी हात वर करून थांबवायला सांगितलं. "परत पहिल्यापासून." असं चार वेळा केलं. उडण्याचा भाग त्यांनी एकदाही पुरता ऐकला नाही. ते पायलटचं काम, म्हणाले.

पाचव्यांदा मी नाही म्हटलं. मिनिटांचा हिशेब माझ्याकडे होता.

साउंडवाल्याने भाडं घेतलं नाही. पोरांच्या चहा-भज्यांचे ५०० घ्या म्हणून मी ठेवून आले. यंत्रांचं बिल १९ जूनला दाखल केलंय, त्याचा मेसेज अजून यायचाय. तोवर पावतीची मूळ प्रत माझ्या ऑफिसच्या कपाटात कुलपात आहे.

निघताना अण्णांनी कानात यंत्रं घातली आणि गोडाऊनच्या दाराशी थबकले. बाहेर जनरेटर चालू होता. एक हात त्यावर ठेवून, मान तिरकी करून त्यांनी मिनिटभर ऐकलं आणि साउंडवाल्याला सांगितलं, तीन नंबरचा नोझल गेलाय, गणपतीआधी बदलून घे. त्याने वाकून नमस्कार केला. चार दिवसांनी त्याचा फोन आला. मेकॅनिकने नोझल काढून बघितला, तो ठणठणीत होता. फाउंडेशनचा एक बोल्ट सैल होता.

अण्णांना हे अजून सांगितलेलं नाही.